पाहुण्यांसाठी थांबलेले माग

गजाननभाऊंच्या गल्लीत माग दोनच कारणांसाठी थांबवले जात. दारात पाहुणा आला तर, नाहीतर गल्लीतून कुणाची तिरडी निघाली तर. वीज गेली की थांबत तेही खरं, पण त्याला थांबवणं म्हणत नाहीत. त्यात माणसाच्या मनाचा काही संबंध नसतो.

बऱ्हाणपुरात जन्मलेल्या माणसाला मागाची खडखड ऐकू येत नाही. ती थांबली तरच ऐकू येते. पोरं त्या आवाजात झोपतात आणि आवाज बंद झाला की दचकून उठतात. गजाननभाऊंची तेजस्विनी तशीच वाढली. घराला लागून पत्र्याचं शेड, मधे एक दार, दाराशेजारी भिंतीवर लोखंडी खटका. पाहुणा उंबऱ्याशी दिसला की भाऊ आधी उठून तो खटका खाली ओढत, सगळे माग एकदम मुके होत आणि मग भाऊ म्हणत, "या, बसा." ही त्यांच्या वडिलांची रीत. पाहुण्याला आपल्या घरात ओरडून बोलायला लावायचं नाही, एवढं एकच वडील त्यांना नीट शिकवून गेले होते. घरच्यांसाठी मात्र खटका कधी खाली आला नाही. तेजस्विनी इंदूरला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, सुट्टीला घरी यायची तेव्हा दारातूनच "पप्पाऽ, आले मीऽ!" असं ओरडायची. बापही तसाच ओरडून विचारायचा, गाडी वेळेवर होती का. तिची आई उषाताई म्हणायच्या, "घरच्यांसाठी कोण बंद करतं?"

भाऊ मुळात जॉबर. म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. तरुणपणी गिरणीत ते काम शिकले आणि पुढे दुसरीकडच्या कारखान्यांनी टाकून दिलेले माग एकेक करून घरी आणले. त्यांवर बुकरम विणलं जाई. शर्टाच्या कॉलरच्या पोटात असतं ते कडक कापड, जे कुणाला दिसत नाही आणि ज्याच्याशिवाय कॉलर उभी राहत नाही. भाऊही तसेच होते म्हटलं तरी चालेल. मागवाल्यांच्या संघाच्या प्रत्येक बैठकीला ते जात, शेवटच्या खुर्चीत बसत, चहा पीत आणि परत येत. त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

गेल्या काही वर्षांत गल्लीतली शेडं एकेक करून गोदामं झाली होती. जिथे मागाचे धोटे धावत तिथे आता सिमेंटच्या गोण्या होत्या. गोटू भंगारवाला आठवड्यातून एकदा तरी स्कूटर थांबवून भाऊंच्या शेडमध्ये डोकावायचा.

"भाऊ, लोखंडाला आत्ता भाव आहे. मागून माझ्या नावानं बोंबलू नका."

"तू जा रे बाबा. चालते माग विकत नसतात."

"मी कुठे चालते मागतो? बंद पडले की सांगा. मी काय, थांबलोच आहे."

अशा दिवसांत तेजस्विनीचा फोन आला. परदेशातून कारखाना टाकायला येणाऱ्या कंपन्यांना जागा दाखवणं हे तिच्या ऑफिसचं काम. तुर्कस्तानची एक कापड कंपनी मध्य प्रदेशात जागा शोधत होती. मोठा कारखाना स्वतः टाकायचा आणि भोवतालच्या लहान शेडांना नवी यंत्रं देऊन त्यांच्याकडून कापड विणून घ्यायचं, असा त्यांचा बेत. बऱ्हाणपूर यादीत अगदी तळाला होतं, पण कंपनीची माणसं बघायला यायला तयार झाली होती.

"आपलं शेड घेतील?" भाऊंनी विचारलं.

"आले तर घेतील पप्पा. पण आधी येऊ तर द्या."

त्या दिवसापासून भाऊ गोटूला चहा पाजू लागले. माणूस जिंकणार असला की उदार होतो.

पाहुण्यांच्या तयारीची बैठक उद्योग कार्यालयाच्या साहेबांनी घेतली. रस्ता कुठे डांबरी करायचा, कमान कुठे उभारायची, जेवणात काय ठेवायचं, सगळं ठरलं. मग साहेब म्हणाले, "और कोई सुझाव?" आणि शेवटच्या खुर्चीतून गजाननभाऊ उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित पोरगी पाहुण्यांना घेऊन येणार, म्हणजे हे पाहुणे थोडे आपलेच, असं त्यांना वाटलं असावं.

"साहेब, आमच्या गल्लीत पाहुणा आला की लूम बंद करतात. त्याचा मान असतो तो. हे तर सगळ्या गावाचे पाहुणे. त्या दिवशी सकाळपासून सगळ्या गावानंच लूम बंद ठेवले तर? शांततेत बोलणं होईल. हॉलमध्ये एसीला व्होल्टेजही चांगलं मिळेल."

 मग साहेबांनी टेबलावर हात आपटला. "वाह! ये हुई ना बात!" संघाचे अध्यक्ष यादवजी वळून म्हणाले, "गजूभाऊ, इतके दिवस कुठे लपून बसला होता?" टाळ्या वाजल्या. भाऊ खाली बसले तेव्हा त्यांचे कान तापले होते. घरी येताना वाटेत त्यांनी मावा जिलेबी घेतली. उषाताईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "असंच."

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी तेजस्विनी घरी आली. माग अजून चालू होते, तेव्हा तिघंही नेहमीसारखी ओरडून बोलत जेवायला बसली. भाऊंनी मोठ्या अभिमानानं बैठकीची हकिकत सांगितली. तेजस्विनीचा घास हातातच राहिला.

"पप्पा, ते लूम बघायला येताहेत."

"बघतील ना. लूम काय पळून जातात? पुसून-बिसून ठेवलेत मस्त."

"चालू लूम बघायला!"

"अगं, एवढी मोठी माणसं. कान फुटतील त्यांचे."

"त्यांची जिंदगी त्याच आवाजात गेलीय. त्या बाई आहेत ना, इंजिनिअर, त्या विणकरांच्याच गावच्या आहेत." तेजस्विनीनं ताट थोडं पुढे सरकवलं. "तुम्हाला माहितीय ते का येताहेत? जमिनीसाठी नाही. जमीन सगळेच देतात. टॅक्स सगळेच माफ करतात, विजेत सूट सगळेच देतात. स्वस्त मजूर तर अर्ध्या दुनियेत पडलेत. हे सगळं कागदावर त्यांच्याकडे आधीच आहे, ते बघायला कुणी विमानात बसत नाही. कुणी बाहेरचा आपला पैसा आणून परक्या गावात टाकतो तेव्हा त्याला एकच बघायचं असतं. इथे काम खरंच चालतं का? हात बसलेले आहेत का?"

"बसलेले आहेतच की."

"ते दिसायला नको?" ती आईकडे वळली. "आई, मी मागे फोन करून तुला म्हटलं होतं ना, फोन शेडमध्ये धर म्हणून?"

उषाताईंना आठवलं. त्यांना वाटलं होतं, पोरीला घरची आठवण आली असेल.

"तेव्हा त्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. बऱ्हाणपूर कशाला, असं विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्या गावात यंत्रं थांबत नाहीत, ऐका. फोन त्यांच्या कानाला लावला. किती तरी वेळ ऐकत होत्या. मग हसल्या. त्याच्यावर आपलं नाव यादीत आलं, पप्पा. दुसऱ्या कशावर नाही."

शेडमधले माग खडखडत होते. भाऊ ताटाकडे बघत राहिले.

"आत्ता यादवजींना फोन करा," तेजस्विनी म्हणाली. " अजून सगळ्यांना निरोप जाईल."

भाऊंनी फोन उचलला. पंच्याच्या टोकानं त्याची काच पुसली. उद्या सगळं गाव त्यांच्या शब्दावर थांबणार होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही म्हटलं होतं आणि तसं होणार होतं. आता फोन करून सांगायचं की माझं चुकलं, माझी पोरगी वेगळं म्हणतेय. यादवजी हसतील. म्हणतील, गजूभाऊ, तुम्ही आपले शेवटच्या खुर्चीतच बरे.

"झोपले असतील ते," भाऊ म्हणाले आणि फोन उशाशी ठेवला. बाहेर अजून दिवेलागणीचा उजेड होता.

सकाळी बऱ्हाणपूर थांबलं. उषाताई कणीक मळता मळता दोनदा थांबल्या, हाताला ताल सापडेना. तापीच्या बाजूचे कावळे इतके जवळ वाटत होते की जणू माजघरात बसलेत. सुट्टी आहेच तर चार पैसे होतील म्हणून शेडमधला धर्मेंद्र आणि बाकीचे कारागीर पहाटेच बहादरपूरला केळीचे घड उतरवायला निघून गेले होते. तेवढ्यात सोजरबाई आली. धोट्यात बसते ती सुताची कांडी, त्या कांड्या भरून द्यायचं काम ती करायची. आज संघानं तिला नवं लुगडं नेसून हार घेऊन उभं राहायला सांगितलं होतं.

"भाऊ, आजचा रोज कोण देईन मले?"

"संघ देणार आहे, सोजरबाई."

"संघ कोण? त्याचं घर कुठी आहे?"

"अहो संघ म्हणजे आम्ही सगळे."

"मंग तुम्हीच द्या ना. सगळ्याइच्या घरी कुठी फिरू मी?"

भाऊ हसले. पोरगी हसली नाही.

हॉलमध्ये एसी छान चालला. साहेबांनी भाषण केलं की चारशे वर्षांपूर्वी इथलं कापड तुर्कस्तानात जात होतं, म्हणजे पाहुणे परके नाहीत, जुने गिऱ्हाईक आहेत. पाहुणे खूष झाले. मग पडद्यावर एकेक पाटी येऊ लागली. जमीन, पाणी, करमाफी. एका पाटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत मजुरांबद्दल होतं. भाऊंना सावकाश का होईना वाचता येत होतं. भरपूर, स्वस्त, आज्ञाधारक. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हार घेऊन दाराशी उभी असलेली सोजरबाईही टाळ्या वाजवते आहे.

मग पाहुणे गल्लीत आले. एक उंच म्हातारे गृहस्थ आणि त्या इंजिनिअर बाई, केस कापलेल्या, पायात साधे बूट. गल्ली झाडून लख्ख केलेली, दारादारात रांगोळी, आणि कुठेही कसलाच आवाज नाही. त्या बाई चालता चालता मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होत्या. गजाननभाऊंच्या दाराशी आल्यावर त्या थांबल्या आणि तेजस्विनीला हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" भाऊ पुढे झाले.

तेजस्विनीनं बापाकडे बघितलं नाही. "विचारताहेत, गावात कुणी वारलंय का?"

भाऊ हसायला गेले आणि हसू मधेच अडकलं.

म्हाताऱ्या गृहस्थांनी साहेबांकडे वळून विचारलं, संप आहे का?

"नो नो! नो स्ट्राइक! नेव्हर स्ट्राइक!" साहेब दोन्ही हात हलवत म्हणाले. "सायलेन्स फॉर यू! वेलकम! वेलकम!"

तेजस्विनीनं त्यांना पाहुण्याच्या मानाचं सगळं समजावून सांगितलं असावं. त्या बाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली. मग एक बोट वर करून काही म्हणाल्या. एक माग चालू करून दाखवाल का?

भाऊ धावत आत गेले. खटका वर केला. कारागीर नव्हता, पण जॉबरला कारागीर कशाला हवा? त्यांनी स्वतः दांडी ओढली आणि माग सुरू झाला. तो ओळखीचा आवाज त्या मुक्या गल्लीत इतका मोठा वाटला की साहेबांनी कानावर हात ठेवले. बाईंचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी मागाच्या चौकटीवर तळवा टेकवला, जसा कुणी बैलाच्या पाठीवर टेकवतं. धोटा इकडून तिकडे धावला, कापड बोटभर पुढे सरकलं आणि माग थांबला.

कांडी संपली होती.

भाऊंनी टोपलीत हात घातला. टोपली रिकामी होती. दुसरी टोपली उलटी केली, त्यातून सुताचा कचरा पडला. त्यांनी दाराकडे बघितलं. सोजरबाई हार धरून तिथेच उभी होती.

"तुम्हीच तं काल निरोप धाडला," ती म्हणाली, "कांड्या भरू नको म्हणून."

हे कुणी पाहुण्यांना सांगितलं नाही. बाईंनी ते बोटभर कापड अंगठ्यानं चाचपलं, आभार मानले, सोजरबाईकडून हार घालून घेतला. निघताना त्यांना मावा जिलेबी आणि दराबा या गावच्या मिठायांचे डबे दिले. गाड्या असीरगढ दाखवायला निघून गेल्या आणि दुपारपर्यंत गावातले माग पुन्हा सुरू झाले. पाहुणे तेव्हा किल्ल्यावरून खालचं खोरं बघत होते. तिथवर आवाज पोचत नाही.

महिनाभरानं तेजस्विनीचा फोन आला. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली होती.

"का गं?" भाऊ ओरडून म्हणाले. शेड चालू होतं.

तिनं त्यांना दोनदा विचारायला लावलं. मग ती म्हणाली, "बंदर लांब पडतं म्हणाले, पप्पा."

भाऊंनी हे गल्लीत सगळ्यांना सांगितलं. बंदर लांब पडलं. चहाच्या टपरीवर सांगितलं, गोटूलाही सांगितलं. त्यांना ते वाक्य इतकं आवडलं होतं की ते सांगताना त्यांचा आवाज मोठा होत असे. घरी उषाताईंनी ते ऐकून घेतलं, भांडी पालथी घातली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बंदर तर ते आले तेव्हाही तेवढंच लांब होतं."

त्यानंतर भाऊंनी बंदराचं नाव काढलं नाही.

संघाच्या बैठकीत वेगळंच कारण निघालं. साहेबांनी सांगितलं की इथल्या मजुराला कामाची आस्था नाही, ऐन पाहुण्यांच्या दिवशी एकही कारागीर मागावर हजर नव्हता, बाहेरच्या माणसाला हे लगेच कळतं. यादवजींनी मान डोलावली. स्थानिक पेपरात तसंच छापून आलं. धर्मेंद्रनं तो पेपर शेडमध्ये आणून वाचून दाखवला आणि विचारलं, "भाऊ, छुट्टी तर तुम्हीच दिली होती ना?" भाऊ मागाखाली वाकून काहीतरी आवळत होते. ते तिथेच वाकलेले राहिले. त्या बैठकीत शेवटच्या खुर्चीतून उभं राहता आलं असतं. एकदा उभं राहायचं कसं ते त्यांना आता माहीत होतं. पण ते उठले नाहीत, आणि त्यांनी उठावं अशी अपेक्षाही कुणी केली नाही. सोजरबाईचा त्या दिवसाचा रोज राहिला तो राहिलाच. संघाचं घर तिला सापडलं नाही. तिनं कांड्या भरणं सोडलं आणि नेपानगरच्या बाजूला लेकीकडे राहायला गेली.

पुढे बुकरमची मागणी घटत गेली. आधी एक माग बंद झाला, मग त्याचे सुटे भाग काढून दुसरे चालवले, मग तेही राहिले. धर्मेंद्र सुरतेला गेला. शेवटी भाऊंनी स्वतःच गोटूला बोलावलं. गोटू नेहमीसारखा थट्टा करेल असं त्यांना वाटलं होतं, पण तो आला आणि शेडच्या दारात चप्पल काढून आत गेला. ते थट्टेपेक्षा जास्त लागलं.

माग उचलून नेता येत नाहीत, तोडावे लागतात. गोटूच्या माणसांनी दिवसभर घण घातले. मागाच्या चालण्यापेक्षा त्याच्या तुटण्याचा आवाज मोठा असतो, हे गल्लीला पहिल्यांदा कळलं. शेजारची बाई डोकं दुखतं म्हणून तक्रार करायला आली. याच मागांच्या आवाजात तिची लेकरं लहानाची मोठी झाली होती. संध्याकाळी गाडी भरल्यावर गोटूनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"हा खटका काढू?"

"राहू दे," भाऊ म्हणाले. "त्याला कितीसं लोखंड?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. तेजस्विनीही आली. त्या तुर्की कंपनीनंतर ऑफिसनं तिला बाहेरच्या पाहुण्यांसमोर फारसं पाठवलं नाही. तिनं नोकरी बदलली होती आणि आता ती हैदराबादला होती. बऱ्हाणपूरचं नाव ती आता कुठल्या यादीत घालत नव्हती. हे तिनं बापाला सांगितलं नव्हतं, बापानं विचारलं नव्हतं. फोनवर दोघं तब्येतीचं बोलत.

दुपारचं ऊन उंबऱ्याशी आलं होतं. तिनं बॅग खाली ठेवली आणि सवयीनं ओरडली, "पप्पाऽ, आले मीऽ!"

रिकाम्या घरात तो आवाज इतका मोठा झाला की ती स्वतःच दचकली.

गजाननभाऊ खाटेवरून उठले. लेकीकडे बघितलं. तिचे कपडे नवे होते, चेहरा उन्हानं लाल झाला होता, ती दारातच उभी राहिली होती, आत येऊ की नको अशी. भाऊ शेडच्या दाराशी गेले. आत जमिनीवर मागांच्या पायांचे तेलकट चौकोन उरले होते. त्यांनी भिंतीवरच्या खटक्यावर हात ठेवला आणि तो खाली ओढला. काहीच थांबलं नाही.

मग ते वळले आणि लेकीला म्हणाले, "या, बसा."

तेजस्विनी खुर्चीच्या कडेवर बसली. उषाताईंनी पाण्याचा तांब्या आणून समोर ठेवला. तिघांपैकी कुणालाच आता ओरडून बोलायची गरज नव्हती.